बारा दगडांची फळी

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात पाऊल टाकलं की सगळा थाट वरच्या मजल्यावर. दारादारावर पितळी पाट्या, पाट्यांवर नावं, नावांमागे पदव्यांच्या लांबलचक शेपट्या. जिन्याखालून तळघरात उतरलं की मात्र एक खोली लागायची, तिच्या दारावर पाटीबिटी काही नव्हती. दारामागून करवतीची किरकिर यायची आणि दाराखालच्या फटीतून राखाडी पाण्याचा ओघळ. त्या खोलीवाचून वरच्या एकाही पाटीचं पान हलत नसे. वरच्यांना हे पक्कं ठाऊक होतं, पण कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

त्या खोलीत एकतीस वर्षं एक बाई दगड घासत होत्या. त्यांना सगळे मायक्रॉनमावशी म्हणत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. मावशी दगडाचा काप तीसवर आणून ठेवायच्या, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही कमी. इतका पातळ झाला की काळाकभिन्न दगडसुद्धा काचेसारखा आरपार दिसायला लागतो, आणि मग साहेब लोक त्याला सूक्ष्मदर्शकाखाली घालून त्याची कुंडली मांडत बसतात.

दगड आला की आधी हिऱ्याच्या पात्यावर, पाण्याच्या धारेखाली, काड्यापेटीएवढा तुकडा कापायचा. त्याची एक बाजू जाड काचेवर पावडर पसरून घासायची. आधी रवाळ पावडर, मग मध्यम, मग पिठासारखी. गुळगुळीत झालेली बाजू राळेने काचेच्या पट्टीला चिकटवायची. मग पट्टीवरचा जास्तीचा दगड पात्याने उडवायचा आणि उरलेला पापुद्रा घासत घासत तीसवर आणायचा. शेवटची घासणी बोटांच्या टोकांनी. चार फेऱ्या जास्त झाल्या तर दगड धुऊन जातो आणि हातात नुसती स्वच्छ काच उरते. मावशींच्या हातात अशी काच उरलेली कुणी पाहिली नव्हती. मधूनच त्या पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. स्फटिकांमधली पिवळी झाक जाऊन राखाडी आली की हात थांबायचा. नवे विद्यार्थी यंत्र लावून खात्री करायचे. यंत्र म्हणायचं एकतीस, मावशी म्हणायच्या तीस, आणि मग लक्षात यायचं की यंत्राच्या जबड्यात धूळ अडकली आहे.

ही कला त्या कुठल्या शाळेत शिकल्या नव्हत्या. वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं. मागच्या खोलीत बसून बाप भिंगं घासायचा आणि ही पोरगी शेजारी बसून तुटक्या भिंगांवर हात साफ करायची. विभागातले एक प्राध्यापक चष्मा करायला दुकानात आले. त्यांनी तिचे हात बघितले आणि तिथल्या तिथे तिला नोकरीचं विचारलं. तेच मोठे सर. मोठे का, तर ते विभागात सगळ्यांहून मोठे होते, वयाने, मानाने आणि आवाजानेही. विद्यार्थ्यांची त्यांच्यापुढे बोबडी वळायची. मावशींना मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून 'अहो बाई' म्हटलं, आणि त्या वेळी मावशी जेमतेम सत्तावीस वर्षांच्या होत्या.

मोठ्या सरांनीच त्यांना दगडांची गोष्ट सांगितली. एका दुपारी करवत थंड होईपर्यंत ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कापताय ते दगड कसले आहेत माहीत आहे का? इथे आता समुद्र शोधून सापडायचा नाही. पण अब्जभर वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, आणि तो बुडाला."

"समुद्र कशात बुडेल, सर?" मावशींनी विचारलं.

"जमिनीखाली. समुद्राचा तळ जमिनीच्या काठाखाली सरकत गेला. गादीखाली चादर खोचतो ना आपण, तसा. जाताना आपल्याबरोबर पाणी घेऊन गेला. खोल गेल्यावर ते पाणी सुटलं, त्याने वरचा तापलेला खडक वितळला, आणि तो रस वर चढायला लागला. काही बाहेर फुटला, त्याचे ज्वालामुखी झाले. काही वाटेतच अडकला आणि सावकाश थिजला, त्याचा ग्रॅनाइट झाला. समुद्र गेला, ज्वालामुखी झिजले. राहिली ही टेकड्यांची रांग. वर जुना लाव्हा, पोटात ग्रॅनाइट. समुद्र बुडाल्याचा पुरावा म्हणजे हे दगड."

मावशींनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून दगड घासताना त्यांचा हात अधिकच जपून चालायला लागला. एवढा समुद्र गेला आणि मागे एवढासा दगड राहिला, त्यातलाही आपण घासून घालवतो, तेव्हा उरलेला तरी नीट राहायला हवा, असं त्या म्हणायच्या.

म्हणूनच त्यांनी एक पद्धत पाडली होती. तुकडा कापून घेतल्यावर उरतो तो दगड कुणीही कचऱ्यात टाकेल. मावशी टाकत नसत. त्या त्याला 'जोडीदार' म्हणायच्या. डोंगरावरून आणताना दगडाच्या खडबडीत पाठीवर रंगाने नंबर घातलेला असतो, तो नंबर त्या जोडीदाराच्या अंगावरच राहतो. पत्र्याच्या डब्यांत असे हजारो जोडीदार छतापर्यंत रचलेले होते. तीन विभागप्रमुखांनी आपापल्या काळात ते डबे फेकून द्यायचा हुकूम काढला. मावशी तिघांनाही "हो सर" म्हणाल्या आणि डबे जागचे हलले नाहीत.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना हातोडी तळघरात आली. हातोडी म्हणजे विभागातली संशोधक मुलगी. पट्ट्याला कायम हातोडी लटकवून फिरायची, अगदी वाचनालयातसुद्धा, म्हणून मावशींनीच तिला हे नाव ठेवलं होतं. त्या दिवशी तिचा चेहरा पडला होता आणि नाक लाल झालं होतं.

"मावशी, माझं सगळं मुसळ केरात," ती म्हणाली आणि ओल्या स्टुलावर बसली.

भानगड अशी होती. समुद्र बुडाला हे सगळ्यांना मान्य होतं; प्रश्न होता कुठल्या बाजूने. ज्या बाजूला समुद्र, तिथून जसजसं लांब जावं तसतसं ग्रॅनाइटमधलं पोटॅश वाढत जातं, कारण खाली सरकणारा तळ तिकडे अधिक खोल गेलेला असतो. मोठ्या सरांनी एकोणतीस वर्षांपूर्वी टेकड्यांची रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडत बारा दगड गोळा केले होते. त्यांच्या पट्ट्या रंगाच्या पाण्यात बुडवल्या की पोटॅशचे कण पिवळेजर्द होतात. सरांनी ते कण एकेक करून मोजले. पिवळं पश्चिमेकडे वाढत होतं, अर्थात समुद्र पूर्वेला. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकात गेला. वरच्या मजल्यावरच्या भिंतीवरच्या नकाशात उजव्या हाताला निळा समुद्र रंगवला गेला, आणि सरांचं नाव झालं.

हातोडीने त्याच वाटेने नवे दगड आणले, प्रयोगशाळेत तपासले, आणि तिचं पोटॅश बरोबर उलट्या बाजूला वाढत होतं. तिचा समुद्र पश्चिमेला.

"विभागप्रमुख म्हणतात, डोंगरात माझ्या पिशव्यांची अदलाबदल झाली असणार," हातोडी म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हणाले. पुढच्या बुधवारी तोंडी परीक्षा आहे. त्यात हेच निघालं तर प्रबंध परत. माझी मुदत संपते, पुन्हा मिळायची नाही. पाच वर्षं पाण्यात. मावशी, शपथेवर सांगते, प्रत्येक पिशवीचं तोंड मी स्वतः बांधलंय."

मावशींना पोरीचं वाईट वाटलं. पण त्याहून जास्त त्यांना राग आला, आणि तो काही विभागप्रमुखांचा नव्हता. सरांच्या त्या बारा पट्ट्या कुणी केल्या होत्या? ह्यांनीच. त्या चुकीच्या असतील असं ही कालची पोर सुचवत होती.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "माझ्या हातची पट्टी एकतीस वर्षांत कधी परत आली नाही. तू दमलेली होतीस, ऊन होतं, एखादी पिशवी इकडची तिकडे झाली असेल. त्यात लाज कसली? जा, चहा पिऊन ये. तोवर मी सरांचे जोडीदार काढून ठेवते. तुझ्या डोळ्यांनीच बघ."

हातोडी नाक ओढत गेली. मावशी शिडीवर चढल्या, वरून तिसऱ्या रांगेतला डबा उतरवला, वरच्या मजल्यावरच्या कपाटातून सरांच्या बारा पट्ट्या आणल्या आणि दिवा ओढून बसल्या. पट्टी आणि जोडीदार यांच्यामध्ये दोनेक मिलिमीटर दगड पात्याने खाल्लेला असतो, म्हणून ठिपका न् ठिपका जुळत नाही. पण मोठे स्फटिक जुळतात, शिरा जुळतात. एक नंबरची पट्टी त्यांनी एक नंबरच्या दगडावर ठेवली.

जुळली नाही. पट्टीत तिरकी पांढरी शीर होती. दगडात शीर नव्हतीच.

त्यांनी पट्टी फिरवून पाहिली. मग उगाच दगड पुसला. मग दोन नंबर ठेवून पाहिला, तोही नाही. तेव्हा त्यांनी बाराही दगड ओळीने मांडले आणि ती तिरकी शीर शोधली. ती बारा नंबरच्या दगडात होती. एकची पट्टी बारावर झाकणासारखी बसली. दोनची अकरावर. तीनची दहावर. सहाची पट्टी सातवर ठेवताना त्यांना बघायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी पाहिलं.

सगळी ओळ उलटी होती.

कसं झालं हे त्यांना बसल्या जागी कळलं. त्या काळी तुकड्यांवरचे पेन्सिलीचे आकडे घासताना धुऊन जायचे, म्हणून बारा तुकडे एका लांब फळीवर ओळीने मांडायचे, डावीकडून एक ते बारा. गुळगुळीत बाजूला राळ लावायची, वर काचेच्या पट्ट्या, त्यावर दुसरी फळी, दोन्ही घट्ट बांधायच्या, आणि सगळं उलटवून तापल्या तव्यावर ठेवायचं, म्हणजे काच खाली जाते आणि दगडाच्या वजनाने नीट चिकटते. मग त्याच क्रमाने काचेवर नंबर कोरायचे. मावशी टेबलाच्या मधोमध उभ्या राहून फळीची लांब कड धरायच्या आणि स्वतःपासून पलीकडे उलटवायच्या. अशी उलटवली की डावीकडचा डावीकडेच राहतो. जन्मभर त्यांनी फळी तशीच उलटवली.

कामाच्या वहीत तारीख होती. ती वाचायची गरज नव्हती. त्या महिन्यात त्यांची लेक पोटात होती, आठवा सरत आला होता. पोट टेबलाला अडत होतं आणि मधोमध उभं राहून हात पोचत नव्हते. त्या टेबलाच्या टोकाशी गेल्या, फळीचं टोक धरलं आणि टोकावरून पलटी मारली. एकचा दगड गेला बाराच्या जागी. मग परत आपल्या जागेवर येऊन, डावीकडून सुरुवात करून, सुंदर अक्षरात नंबर कोरले. बाळंतपणानंतर घासणीतही न जाणारा पक्का रंग मिळायला लागला, तेव्हापासून त्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवरच आकडा घालू लागल्या. त्यानंतर फळी कशीही उलटली तरी बिघडत नव्हतं.

हातोडी चहा पिऊन आली. मावशी म्हणाल्या, "डबा सापडला नाही. उद्या बघू." एकतीस वर्षांत त्यांनी त्या खोलीत मारलेली ही पहिली थाप असावी, आणि ती त्यांना इतकी वाईट जमली की हातोडी "बरं" म्हणून काही न विचारता निघून गेली.

घरी लेकीने आईचा चेहरा ओळखला. लेक दवाखान्यात रक्त तपासायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तीन आठवडे राहिलेत. सर थकलेत. निरोपाच्या दिवशी तेच बोलणार आहेत तुझ्यावर. आता हे उकरून काढायलाच हवं का? गप्प बस ना."

"आणि ती पोर?"

"ती तरुण आहे. काहीतरी मार्ग काढेल."

मावशी भांडी पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "तुझ्याकडे दोन माणसांच्या रक्ताच्या नळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या, आणि हे फक्त तुलाच कळलं, तर तू गप्प बसशील?"

लेकीने आईच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली भांडी पुसून टाकली.

तरी दोन दिवस मावशी गप्पच राहिल्या. हेही सांगायला हवं, उगाच त्यांना देव्हाऱ्यात बसवण्यात अर्थ नाही. त्यांना भीती वाटत होती. ज्या माणसाने चष्म्याच्या दुकानातून उचलून आणलं, एवढा विश्वास टाकला की स्वतःच्या आयुष्याचा निष्कर्ष आपल्या हातच्या बारा काचांवर उभा केला, त्याच्यासमोर जाऊन म्हणायचं काय? काचा उलट्या होत्या? रविवारी सकाळी त्यांनी पट्ट्यांचा ट्रे आणि दगडांची पिशवी उचलली आणि सरांचं घर गाठलं. परीक्षेच्या हॉलमध्ये चारचौघांत सरांना हे कळणं त्यांना मान्य नव्हतं.

"अहो बाई, रविवारी कुठे?" सरांनी दार उघडलं. सत्त्याहत्तर वर्षांचे, पण ताठ.

मावशींनी दगड जेवणाच्या टेबलावर एक ते बारा मांडले. पट्ट्या शेजारी ठेवल्या, भिंग सरांच्या हातात दिलं.

सरांनी एकची पट्टी एकवर ठेवली. मग बारावर. मग कुणी सांगायच्या आत त्यांना कळलं, तरी त्यांनी बाराच्या बारा स्वतः लावून पाहिल्या. त्याला तासभर लागला. सरांच्या पत्नीने चहा आणला, तो निवला, दुसरा आणला, तोही निवला.

"ओळ उलटी आहे," सर म्हणाले.

"हो, सर. फळी माझ्याकडून टोकावरून उलटली."

"एकोणतीस वर्षं!" सर एवढ्या जोरात ओरडले की आतून पत्नी धावत आल्या. "एकोणतीस वर्षं मी उलटा समुद्र शिकवत आलो! पोरांना नापास केलं मी त्यावरून! आणि आज सांगताय?"

"आजच कळलं. म्हणजे गुरुवारी. दोन दिवस धीर झाला नाही."

"जा तुम्ही," सर म्हणाले. "आत्ता जा."

मावशी चहा न पिता निघाल्या. रस्त्यात त्यांना रडू आलं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्या थोडा वेळ रडल्या आणि मग बसस्टॉपकडे गेल्या.

सोमवारी त्यांनी हातोडीला खोलीत बोलावून सगळं दाखवलं. पोरीने आधी हसायला सुरुवात केली, मग मावशींचं तोंड बघून ती थांबली.

"हे हॉलमध्ये कोण सांगणार?" तिने हळूच विचारलं.

"मी सांगणार. का, चिठ्ठी पाठवू?"

बुधवारी हॉल भरला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई समोर, शेजारी विभागप्रमुख. मावशी सगळ्यात मागच्या खुर्चीवर, मांडीवर ट्रे, पायाशी दगडांची पिशवी. एकतीस वर्षांत त्या हॉलमध्ये त्या पहिल्यांदाच बसत होत्या. रविवारपासून सरांचा पत्ता नव्हता. हातोडीचं बोलणं निम्म्यावर आलं तेव्हा ते आले आणि पहिल्या रांगेत बसले. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

बोलणं संपलं. विभागप्रमुखांनी घसा खाकरला. "प्रश्न साधा आहे. एकीकडे सर्वमान्य निष्कर्ष, दुसरीकडे तुमच्या पिशव्या. त्या बदलल्या नाहीत हे आम्ही कशावरून मानायचं?"

हातोडीने मागे पाहिलं. मावशी उठणार एवढ्यात पहिल्या रांगेतून मोठे सर उठले.

"पिशव्या बरोबर आहेत," ते म्हणाले. "उलट्या माझ्या पट्ट्या आहेत. बारा दगड मी स्वतः फोडून आणले होते, आणि पट्टी जोडीदाराशी ताडून पाहावी असं मला एकदाही वाटलं नाही. हलगर्जीपणा माझा. चूक माझी. नकाशा पुसून घ्या."

मावशी उभ्या राहिल्या.

"सर, थांबा. ही चूक तुमची नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. बऱ्याच जणांना तर ही बाई कोण तेही माहीत नव्हतं.

"फळी मी उलटवली. टोकावरून. चूक माझ्या हातची आहे, ती माझ्याच नावावर राहू द्या."

"अहो बाई, बसा," सर म्हणाले. "आता कुणाची याला काय महत्त्व आहे?"

"आहे ना, सर. तुम्ही तुमच्या नावावर घेतलीत तर ती इथेच संपेल. तशी ती संपत नाही. त्या महिन्यात मी सगळ्याच फळ्या तशाच उलटवल्या असतील. अजून तीन फळ्या झाल्या होत्या. कुणाच्या, ते माझ्या वहीत आहे. त्याही तपासायला हव्यात."

परीक्षक बाई पुढे झुकल्या. "कुणाच्या आहेत?"

"दोन बाहेरच्या पाहुण्या संशोधकांच्या," मावशी म्हणाल्या आणि जरा अडखळल्या. "तिसरी आपल्या विभागप्रमुखांची. त्यांच्या पीएचडीची."

विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आता त्यांना पिशव्यांमध्ये काडीचाही रस उरला नव्हता. परीक्षक बाईंनी ट्रे आणि दगड मागवले, सहा पट्ट्या स्वतः ताडून पाहिल्या आणि हातोडीकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या पिशव्यांबद्दल मला काही विचारायचं नाही. आता लाव्ह्याबद्दल बोलू." अर्ध्या तासाने प्रबंध मंजूर झाला. हातोडीने हॉलमध्येच सगळ्यांसमोर मावशींना मिठी मारली, आणि पट्ट्याची हातोडी मावशींच्या बरगडीत चांगलीच टोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता विभागप्रमुख तळघरात हजर. नोकरीत लागल्यापासून ते इतक्या लवकर कधी आले नव्हते. मावशींनी डबा काढला, पट्ट्या मांडल्या. प्रमुख ओल्या स्टुलावर बसले तरी त्यांना ते कळलं नाही.

एकची पट्टी एकवर ठेवली. बसली.

"जुळली!" प्रमुखांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरची पावडर उडाली. "झालं मग. ठेवून द्या, मावशी. त्या दिवशी तुम्ही बरोबर उलटवली असणार."

"एक जुळली म्हणजे एक जुळली, सर. बसा."

आणि त्यांनी त्यांना बाराही पट्ट्या होईपर्यंत बसवून ठेवलं. बारा जुळल्या. वहीत पाहिलं तर त्या दिवशी फळी उलटायला शिपायाचा हात लागला होता. पाहुण्यांच्या दोन फळ्यांपैकी एक बरोबर निघाली, एक उलटी. त्या पाहुण्यांना पत्र गेलं, आणि मसुदा मावशींनी स्वतः सांगितला. काय झालं, कसं झालं, कुठला नंबर कुठे, आणि खाली त्यांचं नाव. माणूस काय असतं ते अशा पत्रात दिसतं. त्यात 'क्षमस्व' एकदाच होतं आणि आकडे चोवीस होते.

शेवटच्या शुक्रवारी, निरोपाच्या भाषणांआधी, मोठे सर जिना उतरून तळघरात आले. गुडघ्यामुळे त्यांना एकेका पायरीवर थांबावं लागत होतं. मावशींनी स्टूल पुसून पुढे केलं. रविवारनंतर दोघं एकांतात आजच बोलत होते.

"त्या दिवशी तुम्हाला चहाही न देता घालवलं," सर म्हणाले. "बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही."

"असू द्या, सर. तुम्ही रागावला नसतात तर मलाच कसंतरी वाटलं असतं."

सरांनी करवतीच्या पात्याकडे पाहिलं. "एक विचारायचं राहिलं. तुम्ही जन्मभर फळी सरळ उलटवलीत. मग त्याच दिवशी टोकावरून का? हॉलमध्ये तुम्ही सांगितलं नाहीत."

"लेक पोटात होती. आठवा संपत आला होता. टेबलाजवळ उभं राहता येत नव्हतं."

"आठवा?" सर चकित झाले. "मग तुम्ही कामावर काय करत होतात? रजा का नाही घेतलीत?"

मावशी पावडरच्या डब्यांची झाकणं लावत होत्या. त्यांनी शेवटचं झाकण घट्ट दाबलं.

"तुम्हाला परिषदेला जायचं होतं. बाराच्या बारा सोमवारी हव्या म्हणाला होतात."

वर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, कुणीतरी सरांना शोधत जिन्यापर्यंत येऊन परत गेलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो हातात धरूनच म्हणाले, "आठवतं मला. आणि उशीर झाला म्हणून त्या सोमवारी मी तुम्हाला बोललोही होतो. सगळ्यांसमोर."

"सोमवारी नाही, सर," मावशी म्हणाल्या. "मंगळवारी. सोमवारी माझ्याच्याने झालं नव्हतं."